दोन राष्ट्राध्यक्ष आणि एक तिजोरी: आयव्हरी कोस्ट २०१०-११, एका सामायिक बँकेचं प्रकरण

४ डिसेंबर २०१० ला आयव्हरी कोस्टमधे एकाच दिवशी दोन माणसांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. लॉरां बाग्बोनं राष्ट्रपती भवनात, टीव्हीसमोर, सगळ्या थाटामाटात, आणि अलासान वातारानं आबिजानच्या गोल्फ हॉटेलमधे बसून, शपथ कागदावर लिहून पाठवून. बाग्बोकडे लष्कर, सरकारी टीव्ही, मंत्रालयं, बंदरं. वाताराकडे निवडणूक आयोगाचा निकाल, युनोचं शिक्कामोर्तब, आणि हॉटेलच्या गेटवर युनोचे सैनिक. एकाच्या हातात देश आणि दुसऱ्याच्या हातात मान्यता, असा तो सगळा मामला.

पुढे जे झालं ते बहुतेकांना युद्ध म्हणून आठवतं, साधारण ३००० माणसं मेली, शेवटी एप्रिल २०११ मधे बाग्बोला बंकरमधून पकडून बाहेर काढला वगैरे. पण मला यातला बँकेचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय. मुद्दा असा की या देशाला स्वतःची रिझर्व्ह बँकच नाही. जी आहे ती आठ देशांत मिळून एक, मुख्यालय दुसऱ्याच देशात, आणि भांडण सुरू झाल्यावर प्रश्न आला की बाबा सरकारच्या खात्यावर आता सही कोणाची चालणार?

आधी बँकेची थोडी ओळख

बीसीईएओ, म्हणजे पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांची मध्यवर्ती बँक. मेंबर आठ: सेनेगल, माली, बुर्किना फासो, नायजर, बेनिन, टोगो, गिनी-बिसाऊ आणि आयव्हरी कोस्ट. मुख्यालय सेनेगलच्या राजधानीत, डकारला. १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ते पॅरिसला होतं, यावरूनच कळेल ही बँक कुठून आली. चलन सीएफए फ्रँक, सुरुवात डिसेंबर १९४५, पूर्वी फ्रेंच फ्रँकला बांधलेलं आणि आता युरोला, ६५५.९५७ सीएफए म्हणजे एक युरो, हा दर फिक्स. या दराची हमी फ्रान्सचं अर्थखातं देतं आणि त्या बदल्यात त्या काळात आठही देशांच्या एकत्र परकीय गंगाजळीतला निम्मा भाग पॅरिसला फ्रेंच ट्रेझरीच्या खात्यात ठेवावा लागायचा. मध्य आफ्रिकेत अशीच दुसरी सहा देशांची बँक आहे, तिचाही सीएफए फ्रँक, दर तोच, पण नोटा वेगळ्या आणि इकडच्या तिकडे दुकानात चालत नाहीत. असो, आपल्याला आज पश्चिमेचीच बघायचीये.

वरची रचना लक्षात ठेवा कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. बँकेत गव्हर्नर असतो, रिवाजानं तो आयव्हरी कोस्टचा असतो कारण आठ देशांत सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था त्यांची, एकट्याचाच वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त. गव्हर्नरच्या वर अर्थमंत्र्यांची परिषद, आणि त्याच्याही वर आठ राष्ट्राध्यक्षांची परिषद. २०१० मधेच नवीन नियमावली लागू झाली होती ज्यात बँक स्वायत्त, कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत, सरकारांना थेट उधारी द्यायची नाही असं सगळं छान लिहिलेलं होतं. कागदावर एकदम मॉडर्न. आणि त्याच वर्षी हे प्रकरण अंगावर आलं.

प्रत्येक देशात बँकेच्या शाखा असतात, आबिजानला मुख्य राष्ट्रीय शाखा आणि देशात इतर गावांत छोट्या. देशाच्या सरकारचं ट्रेझरी खातं त्या राष्ट्रीय शाखेत. कर जमा होतात ते शेवटी तिथे, पगार निघतात ते तिथून. नोटा छापल्या जातात फ्रान्समधे, शामालिएर नावाच्या गावात, आणि प्रत्येक नोटेच्या नंबरला देशाचं अक्षर असतं, आयव्हरी कोस्टचं ए, सेनेगलचं के, नायजरचं एच, असं. नोट मात्र आठही देशांत चालते. बँकाबँकांमधली मोठी देणीघेणी आणि चेकचं क्लिअरिंग ज्या कॉम्प्युटर सिस्टिमवर चालतं ती डकारच्या ताब्यात.

म्हणजे आबिजानमधे बसलेल्या सरकारकडे प्रत्यक्षात काय असतं? इमारत, तिजोरीत त्या दिवशी असलेली कॅश, आणि स्थानिक कर्मचारी. बाकी सगळं बाहेर.

निकालाचा घोळ

२८ नोव्हेंबर २०१० ला निवडणुकीची दुसरी फेरी झाली. निवडणूक आयोगानं वाताराला ५४.१ टक्के देऊन विजयी घोषित केलं. लगेच दुसऱ्या दिवशी घटना परिषदेनं, जिचा अध्यक्ष बाग्बोच्या गोटातला मानला जायचा, उत्तरेकडच्या सात विभागांतली मतं रद्द केली आणि आकडा फिरवून बाग्बोला ५१.४५ टक्के दिले. उत्तर म्हणजे वाताराचा बालेकिल्ला. आधीच्या शांतता करारांनुसार निकाल प्रमाणित करायचं काम युनोच्या प्रतिनिधीकडे होतं, त्यानं आयोगाचाच निकाल बरोबर धरला. आफ्रिकन युनियन, इकोवास (पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना), युरोप, अमेरिका सगळे वाताराच्या बाजूनं गेले.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. वातारा हा स्वतः या बँकेचा माजी गव्हर्नर. १९८८ ते १९९० तो डकारला या खुर्चीत होता, नंतर देशाचा पंतप्रधान, नंतर आयएमएफमधे डेप्युटी मॅनेजिंग डायरेक्टर. बँक आतून कशी चालते, कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कुठलं पाणी बंद होतं, हे हॉटेलात अडकून पडलेल्या त्या माणसाला पाठ होतं. आणि चालू गव्हर्नर कोण तर फिलिप-आंरी दाकुरी-ताब्ले, २००८ पासून पदावर, बाग्बोचा जुना मित्र, बाग्बोनंच नाव सुचवलेला. त्याचा सख्खा भाऊ मात्र बाग्बोच्या पक्षाचा संस्थापकांपैकी असूनही फुटून उत्तरेतल्या बंडखोरांकडे गेलेला. काय म्हणायचं, घरातच दोन सरकारं.

सहीचा प्रश्न

आपल्याकडे हाउसिंग सोसायटीत दोन कमिट्या झाल्या की काय होतं ते आठवा, दोघंही बँकेत जाऊन म्हणतात सही आमची चालेल, आणि मॅनेजर म्हणतो रजिस्ट्रारचं पत्र आणा तोवर खातं होल्डवर. इथे तसा रजिस्ट्रार नव्हता. बँकेच्या नियमांत 'एका सदस्य देशात दोन सरकारं झाली तर' असा काही परिच्छेद कोणी लिहिलेला नव्हता, कोण कशाला लिहील.

ती जागा भरून काढली अर्थमंत्र्यांनी. २३ डिसेंबर २०१० ला गिनी-बिसाऊत मंत्री परिषदेची बैठक झाली आणि ठरलं की बँकेनं इथून पुढे फक्त वाताराच्या सरकारनं नेमलेल्या लोकांच्या सह्या मानायच्या. हा निर्णय साधा वाटतो पण विचार करा, ज्या बँकेला आदेश न घेण्याची हमी नऊ महिन्यांपूर्वीच मिळाली होती तिला सांगितलं जातंय की अमुक माणूस तुमचा ग्राहक आहे आणि तमुक नाही. बाग्बोचे लोक म्हणाले हा सार्वभौमत्वावर घाला आहे, फ्रान्सनं रचलेला डाव आहे. फ्रान्सचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता, फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सार्कोझीनं जाहीरपणे बाग्बोला जायला सांगितलेलं होतं आणि बँकेच्या संचालक मंडळात तेव्हा फ्रान्सचे प्रतिनिधी बसायचेच. पण मत द्यायला बसलेले लोक शेजारी आफ्रिकी देशांचेच अर्थमंत्री होते हेही तितकंच खरं, आणि त्यांचा स्वार्थ उघड होता: बुर्किना, माली, नायजर हे समुद्र नसलेले देश, पहिल्या दोघांचा तर बराचसा माल आबिजानच्या बंदरातून जातो, तिथे घोळ लांबला तर यांचीच वाट लागणार.

तर निर्णय झाला. आणि पैसे बाहेर पडतच राहिले.

ही या केसची सगळ्यात शिकण्यासारखी जागा आहे असं मला वाटतं. डकारनं कागदावर सही बदलली पण आबिजानच्या शाखेत काउंटरच्या मागे तीच माणसं, समोर तेच ट्रेझरी अधिकारी, बाहेर बाग्बोचे सैनिक, आणि वर गव्हर्नर मित्र. २३ डिसेंबरनंतरच्या चार आठवड्यांत बाग्बोच्या सरकारनं खात्यातून ६० ते १०० अब्ज सीएफए काढले असे आकडे तेव्हा बातम्यांत येत होते, म्हणजे साधारण ९ ते १५ कोटी युरो. एका गरीब देशात सैनिकांचे आणि शिक्षकांचे पगार निघायला हे पुरेसं होतं. डिसेंबरचे झाले, जानेवारीचेही झाले. ज्यांना वाटलं होतं की खातं बंद केलं की आठवड्यात माणूस गुडघ्यावर येईल त्यांचा अंदाज चुकला.

बामाको

मग २२ जानेवारी २०११ ला मालीच्या राजधानीत, बामाकोला, राष्ट्राध्यक्षांची परिषद भरली. आयव्हरी कोस्टच्या खुर्चीवर वाताराच्या बाजूनं त्याचा पंतप्रधान गियोम सोरो. बंद दाराआड काय बोलणी झाली ते सोडा, निष्पत्ती अशी की गव्हर्नर दाकुरी-ताब्लेनं राजीनामा दिला. दिला म्हणजे द्यायला लावला. मंत्र्यांचा आदेश पाळला नाही हा आरोप. बुर्किनाचा ज्यां-बाप्तिस्त कोंपाओरे, जो उपगव्हर्नर होता, हंगामी म्हणून बसला आणि नवीन नाव सुचवायला वाताराला सांगितलं गेलं.

मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेवर भाषणं देणाऱ्या लोकांनी हा दिवस जरूर अभ्यासावा. गव्हर्नर एका राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीनं आला आणि सातजणांच्या मर्जीनं गेला. तो नियमानं वागला असता तर आपल्या मित्राचे पैसे तोडावे लागले असते, मित्रासाठी वागला तर नोकरी गेली. मधला रस्ता नव्हताच. मी त्याच्या बाजूनं नाही, आदेश मिळालेला असताना खातं चालू ठेवणं ही गव्हर्नरनं घेतलेली बाजूच होती, तटस्थपणा नव्हे. पण ज्या दिवशी बँकेला सरकार निवडायला लावलं त्या दिवशीच स्वायत्तता संपली होती, बामाकोत फक्त पंचनामा झाला.

इमारत घेतली, बँक नाही आली

बाग्बोचं उत्तर तीन-चार दिवसांत आलं. त्यानं वटहुकूम काढून देशातल्या बीसीईएओच्या सगळ्या शाखा 'ताब्यात' घेतल्या. सैनिक आत शिरले. डकारनं हे बेकायदेशीर आहे असं जाहीर करून आयव्हरी कोस्टमधल्या शाखाच बंद केल्या. आणि मुख्य म्हणजे देशाला सिस्टिममधून तोडलं. क्लिअरिंग बंद.

आता हे नीट समजून घ्या कारण वर्तमानपत्रांत 'बँकेवर कब्जा' अशी हेडलाइन आली की वाटतं पैसा हातात आला. आलेली गोष्ट एकच: तिजोरीतली कॅश. ती जितकी होती तितकीच, नवीन येणार नाही, कारण छापखाना फ्रान्समधे आणि वाटप डकारहून. आबिजानमधल्या एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेत टाकला तर तो सेटल करणारी यंत्रणा नाही. कागदावर हातानं क्लिअरिंग करायचा प्रयत्न झाला, पण सेटलमेंट म्हणजे शेवटी मध्यवर्ती बँकेच्या वहीत एका खात्यातून कमी आणि दुसऱ्यात जास्त अशी नोंद, आणि ती वही कायदेशीररीत्या डकारला. आबिजानमधे भरलेल्या नोंदीला कोण विचारणार? परदेशी चलन हवंय तर तेही एकत्र गंगाजळीतून, म्हणजे पुन्हा डकार आणि पॅरिस.

व्यापारी बँका कात्रीत सापडल्या. बाग्बोच्या लोकांचं म्हणणं, बँका चालू ठेवा, आमच्या ताब्यातल्या शाखेशी व्यवहार करा, नाहीतर बघून घेऊ. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जो कोणी जप्त केलेल्या शाखेशी व्यवहार करेल त्याच्यावर कारवाई. लायसन्स डकारच्या छत्राखालचं, बिल्डिंग बाग्बोच्या बंदुकीखालची. १४ फेब्रुवारीला बीएनपी पारिबाची उपकंपनी बीसीसी आणि सिटीबँकेनं कामकाज थांबवलं, त्याच आठवड्यात सोसिएते जेनेरालची उपकंपनीही बंद झाली जी देशातली मोठी बँक होती, आणि मग एकामागून एक बाकीच्या. १७ फेब्रुवारीला बाग्बोनं मोठ्या फ्रेंच बँकांचं राष्ट्रीयीकरण केल्याचं जाहीर केलं. परत तीच गोष्ट, काउंटर मिळाले, बँक नाही.

आठ देशांचा एकत्र शेअर बाजारही आबिजानलाच आहे. त्याच महिन्यात बाग्बोच्या माणसांनी त्या इमारतीत घुसखोरी केल्यावर बाजारवाल्यांनी गाशा गुंडाळला आणि तात्पुरतं बामाकोहून ट्रेडिंग सुरू केलं. सामायिक संस्थेला हे करता येतं, एका देशात आग लागली की शेजारच्या देशात टेबल मांडायचं. स्वतःचा एकट्याचा शेअर बाजार असता तर तो नुसताच बंद पडला असता.

लोकांचं काय झालं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आबिजान रोखीवर आलं. एटीएम रिकामी. पैसे खात्यात आहेत पण खातं बंद बँकेत आहे. बाहेर राहणाऱ्यांनी घरच्यांना पाठवलेले पैसे अडकले, आयात करणाऱ्यांना एलसी (मालाच्या पैशांसाठी बँकेचं हमीपत्र) उघडता येईना, मेडिकलची दुकानं रिकामी होऊ लागली कारण औषधांच्या आयातीचं पेमेंट जात नाही, त्यात युरोपियन युनियननं आबिजान आणि सान पेद्रो ही दोन्ही बंदरं निर्बंधांच्या यादीत टाकलेली. ताब्यात घेतलेल्या बँकांमधून फेब्रुवारीचे पगार कसेबसे वाटले गेले आणि सरकारी नोकर रांगेत तासन् तास उभे राहिले.

आणि कोको. जगातला एक तृतीयांशाहून जास्त कोको इथला. २४ जानेवारीपासून वातारानं निर्यातीवर महिनाभर बंदी जाहीर केली, हॉटेलात बसून, हातात एकही कस्टम ऑफिस नसताना, आणि ती बऱ्यापैकी पाळली गेली कारण मोठ्या परदेशी खरेदीदारांना उद्याच्या सरकारशी वाकडं घ्यायचं नव्हतं. निर्यातीवरचा कर हा बाग्बोचा हुकमी पैसा होता, तो आटला. मार्चमधे जागतिक बाजारात कोकोचे भाव तीस वर्षांपेक्षा जास्त काळातल्या उच्चांकावर, आणि त्याच वेळी आतल्या गावात शेतकऱ्याला मिळेल त्या भावात विकावं लागत होतं कारण व्यापाऱ्याकडे रोख नाही. ७ मार्चला बाग्बोनं कोको खरेदी सरकारकडे घेतल्याचा हुकूम काढला. कशानं घेणार होता पैसे देऊन, देव जाणे.

जाता जाता, आपल्याकडे वेंगुर्ला, सावंतवाडी, चंदगड भागातल्या काजू कारखान्यांत जी आफ्रिकन बी येते त्यात आयव्हरी कोस्टचा मोठा वाटा आहे आणि तिथला काजूचा सीझन नेमका फेब्रुवारी-मार्चलाच सुरू होतो. काजू पिकतो उत्तरेत आणि जहाजात चढतो दक्षिणेतल्या बंदरात. मधला सगळा व्यवहार रोखीचा. बँका बंद म्हणजे काय याचा अंदाज या धंद्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

या काळात स्वतःचं चलन काढायच्या गप्पाही बाग्बोच्या गोटात सुरू झाल्या. गप्पाच राहिल्या. नोटा छापून घ्यायला महिने लागतात, मागे गंगाजळी लागते, आणि शेजारच्या सात देशांत ती नोट कोणी घेणार नाही. इतिहासही डोळ्यांसमोर होता. शेजारचा गिनी १९६० मधे फ्रँक झोन सोडून बाहेर पडला तो बाहेरच राहिला आणि त्यानं त्याची किंमत मोजली. मालीनं १९६२ मधे स्वतःचा फ्रँक काढला आणि १९८४ मधे परत आत आला. शांततेच्या काळात जे जमलं नाही ते वेढ्यात अडकलेल्या सरकारला सहा आठवड्यांत कुठून जमणार.

परदेशी कर्जाचंही सांगून टाकतो. ३१ डिसेंबरला साधारण २.३ अब्ज डॉलरच्या रोख्यांवरचा सुमारे २.९ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता होता. तो बुडाला, महिन्याची सवलतही संपली, देश डिफॉल्टमधे गेला. भरणार कोण, ज्याच्याकडे कॅश आहे त्याला मान्यता नाही आणि ज्याला मान्यता आहे त्याच्याकडे कॅश नाही.

मग बाग्बो कशामुळे पडला

२८ मार्चला वाताराच्या बाजूच्या फौजा उत्तरेकडून निघाल्या आणि तीन-चार दिवसांत आबिजानच्या दारात. राजधानी यामुसुक्रो जवळजवळ लढाईशिवाय पडली. लष्करप्रमुख मांगू दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताच्या घरी आश्रयाला गेला. पुढे आबिजानमधे मात्र घनघोर झालं, युनोची आणि फ्रान्सची हेलिकॉप्टरं लढाईत उतरली आणि ११ एप्रिलला बाग्बो पकडला गेला.

यावरून दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक, बँकेनं पाडला. दुसरं, बँक वगैरे सब झूट, हेलिकॉप्टरनं पाडला. मला दोन्ही अर्धी वाटतात. ज्या सैन्यानं चार महिने बाग्बोला धरून ठेवलं ते मार्चच्या शेवटी चार दिवसांत विरघळलं, आणि मार्च हा तोच महिना ज्याचा पगार होणार नाही हे बराकीत सगळ्यांना कळून चुकलेलं होतं. पगार हे एकमेव कारण नक्कीच नाही. पण बाग्बोचे जे कट्टर होते ते शेवटपर्यंत लढले आणि जे नोकरी म्हणून होते ते घरी गेले, आणि दुसऱ्या गटातल्यांसाठी पगाराची तारीख महत्त्वाची असते. बँकेनं बाग्बोला पाडलं नाही, बँकेनं त्याच्याकडचा वेळ संपवला.

आणि त्यातही सहीच्या निर्णयानं फारसं काही झालं नव्हतं. २३ डिसेंबर ते २२ जानेवारी हा महिना पुरावा आहे. खरी चावी क्लिअरिंग आणि नोटांचा पुरवठा ही होती, आणि ती फिरली ती बाग्बोनंच शाखा ताब्यात घेतल्यावर. त्यानं इमारतीत सैनिक घुसवले नसते तर डकारला सगळी सिस्टिम तोडणं इतकं सोपं गेलं नसतं, कारण तोडण्याचा फटका सामान्य आयव्हरियन माणसाला आणि शेजारच्या सात देशांतल्या बँकांनाही बसणार होता. एका अर्थी त्यानं स्वतःच कारण पुरवलं.

एप्रिलच्या शेवटी शाखा आणि बँका पुन्हा उघडल्या. तिएमोको मेलिए कोने हा वाताराचा माणूस गव्हर्नर झाला, अकरा वर्षं राहिला, आणि २०२२ मधे थेट देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हा बाग्बोचा मित्र म्हणून दाकुरी-ताब्लेला नावं ठेवणाऱ्यांनी हेही बघावं.

शेपूट

खटले चालले. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या खटल्यातून बाग्बोला २०१९ मधे निर्दोष सोडलं, २०२१ मधे अपिलातही तेच कायम. पण आबिजानच्या कोर्टानं जानेवारी २०१८ मधे, तो हेगला असतानाच, त्याला बीसीईएओच्या पैशांच्या प्रकरणात २० वर्षांची शिक्षा सुनावली होती, सोबत त्याचा तेव्हाचा पंतप्रधान आणि दोन मंत्री. ३००० मृत्यूंच्या प्रकरणातून सुटलेला माणूस बँकेच्या प्रकरणात अडकला. २०२२ मधे वातारानं माफी दिली, पण ती माफी होती, शिक्षा रद्द नव्हे, त्यामुळे मतदार यादीत त्याचं नाव परत आलंच नाही. २०२५ च्या निवडणुकीत तो उभा राहू शकला नाही आणि वातारा चौथ्यांदा निवडून आला.

बँकेपुरतं बोलायचं तर २०११ नं शेजाऱ्यांना एक हत्यार दाखवून दिलं. मार्च २०१२ मधे मालीत लष्करी बंड झालं, लगेच बँकेचा पुरवठा तोडला आणि काही दिवसांत बंडाचा म्होरक्या कॅप्टन सानोगोनं तडजोड केली. हे फारच पटकन जमलं आणि माझ्या मते त्यामुळेच सवय लागली. ९ जानेवारी २०२२ ला माली पुन्हा, यावेळी निवडणुका लांबवल्या म्हणून. पण इथे दोन सरकारं नव्हतीच, एकच होतं, लष्करी का असेना. सही कोणाची हा प्रश्नच नव्हता, नुसती शिक्षा होती. मालीच्या खात्यात पैसे असूनही कर्जाचे हप्ते बुडले कारण खातंच गोठलेलं. आणि तरी पगार चालू राहिले, कर स्थानिक बँकांतून गोळा होत राहिला, आणि बामाकोच्या रस्त्यांवर हजारो माणसं लष्कराच्या बाजूनं उतरली. २४ मार्चला या आठ देशांच्या आर्थिक युनियनच्याच न्यायालयानं निर्बंध स्थगित करायचा आदेश दिला, प्रत्यक्षात ते जुलैत उठले. २०२३ मधे नायजरमधे बंड झाल्यावर पुन्हा तेच, सात महिने, आणि पुन्हा लष्कर जिथल्या तिथे.

२०११ मधे हे हत्यार चाललं कारण देशात दुसरं मान्यताप्राप्त सरकार तयार बसलेलं होतं आणि पैसे तोडणं म्हणजे त्याच्याकडे वळवणं होतं. नंतरच्या वेळी वळवायला कोणी नव्हतं. हा फरक परिषदेत बसलेल्यांना कळला नाही, किंवा कळून चालवून घेतला.

माली, बुर्किना आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला इकोवासमधून बाहेर पडले पण सीएफए फ्रँक आणि ही बँक त्यांनी सोडलेली नाही. त्यामुळे खुर्च्या आठच आहेत, आणि जुलै २०२५ मधे मंत्री परिषदेचं फिरतं अध्यक्षपद बुर्किनाच्या वाट्याचं असताना ते नाकारलं म्हणून तिन्ही देशांचे मंत्री बैठकीतून उठून गेले.